जपानी शेगडीतली तुळस

१९६८ सालची संक्रांत चार दिवसांवर आली होती. देवळाली कॅम्पातल्या आमच्या बंगलीच्या मागच्या अंगणात मी आणि आई उकिडव्या बसून एका शेगडीला गेरू फासत होतो.

"आतून नीट खरवड गं, पमे," आई म्हणाली. "वीस वर्षांचं तूप मुरलंय त्यात."

"तूप कसलं? चरबी म्हण."

"तेच ते. हळू बोल."

हळू बोलायचं काही कारण नव्हतं. दादा आणि वहिनी चार दिवस मुंबईला गेले होते. घरात आम्ही दोघीच होतो. पण आईला हसू येत होतं आणि ते तिला दाबायचं होतं. बाबा गेल्यापासून, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांत, मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

शेगडी बाबांची. बाबा फौजेच्या रसद खात्यात कॅप्टन होते. दुसरी मोठी लढाई संपल्यावर त्यांची पलटण दीड वर्ष जपानात होती. परतताना बाकीच्यांनी रेशमी कापडं आणली, पंखे आणले, चहाचे पेले आणले. आमच्या बाबांनी बोटीतून हे धूड आणलं. कंबरेएवढं उंच, रांजणासारखं पोट सुटलेलं, तीन बोटं जाड भाजलेल्या मातीचं. वर टोपीसारखं झाकण, मधे बिडाची जाळी आणि खाली राख काढायला पंजाएवढं कमानदार तोंड. तिकडचे लोक म्हणे त्यात भात शिजवत. बाबांनी त्यात भात कधी शिजवला नाही. दर रविवारी सकाळी "जपानी पेटली का?" अशी हाक यायची. मग बोकडाची मांडी, कलेजी, कधी शिकारीचे तितर. आम्ही फणसे खाण्यात कमी नव्हतोच, पण त्या वासाने पलीकडच्या बराकीतले सुभेदारसुद्धा काहीतरी निमित्त काढून कुंपणाशी येत.

बाबा गेल्यावर जपानी कोणी पेटवली नाही. पुढे झाकण पडून फुटलं.

आता त्या जपानीचं तुळशीवृंदावन होत होतं. कल्पना माझी होती.

वहिनी म्हणजे माहेरची इंदू गर्गे. दादाच्या नाशिकरोडच्या कचेरीत टायपिस्ट होती. वडील शंकरशास्त्री, पंचवटीत संस्कृत शिकवायचे, पूजा सांगायचे. आदल्या ऑगस्टात दादाने तिच्याशी रजिस्टर लग्न केलं आणि दोन घरांत सुतक आल्यासारखं झालं. शास्त्रीबुवांनी "मला मुलगी नाही" म्हणून स्नान केलं. आणि आमच्याकडे पनवेलच्या कर्णिकांचं पत्र आलं. त्यांच्या मुलाशी माझं ठरलं होतं. साखरपुडा झाला होता. कर्णिकांच्या आजोबांना जातीबाहेरची सोयरीक खपणार नव्हती, म्हणून अंगठी परत मागवली होती. मी एकवीस वर्षांची होते. अंगठी रुमालात बांधून पोस्टाने पाठवताना माझं बोट सुजलं होतं, ती साबण लावून काढावी लागली.

घरात आणल्यावर आईने वहिनीचं नाव मीनाक्षी ठेवलं. "खात नाही ना? मग नावात तरी मासा असू दे," असं मला म्हणाली. वहिनीला तो टोमणा कळला की नाही, मला शेवटपर्यंत समजलं नाही. ती वाकून नमस्कार करायची, वेगळ्या चुलीवर आपला वरणभात करायची आणि आमची भांडी मात्र सगळ्यांच्या आधी घासून टाकायची.

मुंबईला जाण्याआधी ती भीतभीत म्हणाली होती, "सासूबाई, दारात तुळस नाहीये. लावू का?"

आमची तुळस होती, डालड्याच्या डब्यात. बाबांच्या आजारपणात वाळून गेली होती. आईला ते फार लागलं.

"म्हणजे आम्ही कोण? म्लेंच्छ?" तिची पाठ वळल्यावर आई म्हणाली. "आल्या मोठ्या आम्हाला धर्म शिकवायला."

मी म्हटलं, "लावू की तुळस. चांगलं वृंदावन करू. जपानीतच लावू."

आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आईला हसवलं म्हणून मला किती आनंद झाला होता, ते आजही आठवतं.

आम्ही जाळीवर विटांचे तुकडे घातले, वर माती भरली. बाहेरून सिमेंट, त्यावर गेरू, गेरूवर चुन्याची पांढरी नक्षी. राखेचं कमानदार तोंड अगदी पणतीच्या कोनाड्यासारखं दिसायला लागलं. मी वरचा भाग खरवडला. जाळीच्या खाली मात्र हात घातला नाही. तिथे राख होती, कोळसे होते आणि भिंतीला काळा चिकट थर होता. कंटाळा आला म्हणून सोडलं, असं मी आईला सांगितलं.

वहिनी आली. फाटकातूनच तिने ते पाहिलं. पिशवी खाली ठेवली आणि आईच्या पायांवर डोकं टेकून रडायला लागली.

"तुम्ही हाताने केलंत?"

"हो, हो," आई म्हणाली. "ऊठ आता. चहा घे."

दुसऱ्या दिवसापासून तिचा नेम सुरू झाला. पहाटे अंघोळ, ओल्या केसांनी पाणी, हळदकुंकू, पाच प्रदक्षिणा. पहिले आठ-दहा दिवस कोनाड्यातून काळं पाणी झिरपायचं. ती ते फडक्याने टिपायची आणि फडकं मागे नळाखाली धुऊन वाळत घालायची. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचो. आई कोपराने मला ढोसायची.

एकच गोष्ट आमच्या मनासारखी होत नव्हती. ती पणती कोनाड्यात ठेवायची नाही. समोर, फरशीवर ठेवायची. वाऱ्याने विझली की परत लावायची.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, कोनाडा कशाला ठेवलाय मग? आत ठेवा ना."

"बाहेरच असू द्या, वन्सं," ती म्हणाली. "मला ओट्यावरून दिसते."

मला ते मूर्खपणाचं वाटलं.

तुळस मात्र अशी माजली की येणारीजाणारी पानं मागून न्यायला लागली. "राखेचं खत," आई मला कानात म्हणायची. पण एव्हाना तिचं हसू कमी झालं होतं. आषाढात तिला ताप आला तेव्हा वहिनीने वीस दिवस रजा काढली. तापातून उठल्यावर आईने मला एकदा सांगितलं, "पुरे आता ते. तिला कधी कळता कामा नये." मी मान डोलावली.

भाद्रपदात कळलं की वहिनीच्या आईने अंथरूण धरलंय. पंचवटी आमच्यापासून बसने पाऊण तास. वहिनी दोनदा गेली. दोन्ही वेळा शास्त्रीबुवांनी दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही, पत्रं लिहायला लागली. आणि कार्तिकात एक कार्ड आलं. तिने ते मला वाचून दाखवलं.

"तुझ्या पत्रावरून घरी तुळस आहे व नित्य पूजा होते असे समजले. द्वादशीस येईन. तुळशीचे लग्न मी लावीन. सर्व यथायोग्य दिसल्यास तुला सोबत घेऊन जाईन. तुझी आई वाट पाहते."

"वन्सं, नेणार म्हणतायत मला," ती म्हणाली. "आईला बघायला मिळेल."

आईने त्या आठवड्यात घरात अंडंसुद्धा येऊ दिलं नाही. भांडी चिंचेने घासून घेतली. दादाने उसाचे वाढे आणले. वहिनीने बोरं, आवळे, चिंचा जमवल्या. मला मात्र द्वादशीच्या दिवशी सकाळी पनवेलहून मावशीचं पत्र आलं होतं. कर्णिकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षातली तिथी होती. मुलगी ठाण्याची, गोरी, बीए. पत्र मी ब्लाउजमध्ये ठेवलं आणि रांगोळी काढायला बसले.

दुपारी वहिनी हिरव्या बांगड्या घेऊन आली. माझ्याजवळ बसली.

"हात द्या, वन्सं. आज कन्यादान तुमच्या हातून करायचं. तुळशीचं कन्यादान केलं ना, की घरातल्या मुलीचं लवकर जमतं."

ती मनापासून म्हणाली. माझ्या हातात बांगड्या भरल्या, एकही फुटू दिली नाही.

शास्त्रीबुवा चारच्या बसने आले. बारीक अंगाचे, उपरणं घेतलेले, पायांत चपला नाहीत. आईने पाट मांडला, तांब्या पुढे केला.

"लग्न लागल्यावर घेईन," ते म्हणाले. आवाज रुक्ष नव्हता, लाजल्यासारखा होता. मग अंगणात जाऊन तुळशीसमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. एक पान खुडलं, तोंडात टाकलं.

"इंदू," ते म्हणाले, "एवढी तुळस आपल्याकडेसुद्धा नाही गं."

सव्वा वर्षात तिला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. ती आत पळाली. पदराने तोंड पुसून बाहेर आली तेव्हा बापलेक दोघंही एकमेकांकडे न बघता उसाच्या कांड्या बांधायला लागले. तिची पिशवी ओट्यावर तयार होती. दोन लुगडी, आईसाठी मेतकूट, एक गोधडी.

दिवेलागणीला मुहूर्त होता. आई आणि दादा अंतरपाट घेऊन उभे राहिले. एका बाजूला पाटावर बाळकृष्ण, दुसऱ्या बाजूला हिरवी चोळी घातलेली तुळस. शेजारच्या चारपाच बायका आल्या होत्या.

"धूप हवा," शास्त्रीबुवा म्हणाले.

"मी आणते," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातल्या शेगडीत निखारे फुललेले होते. मी धुपाटण्यात दोन घेतले. मग थांबले. फुंकणीने उरलेले लाल केले आणि चिमट्याने सगळे लोखंडी पळीत भरले. बाहेर आले. धुपाटणं शास्त्रीबुवांच्या हातात दिलं. पळी घेऊन वाकले आणि निखारे कोनाड्यात खोलवर सारले. सगळ्यांच्या देखत. वर चिमूटभर धूप टाकला.

"आतूनही दाखवते," मी म्हणाले.

वहिनी माझ्या समोरच उभी होती. तिचा हात पुढे झाला. मला वाटलं ती माझा हात धरणार. पण तिच्या वडिलांनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं होतं, आणि तिने हात मागे घेतला.

काय आवाज होता त्यांचा! बायका अक्षता टाकायचं विसरल्या. पहिलं कडवं संपलं तेव्हा नुसत्या धुपाचा वास होता. दुसऱ्याच्या मध्यावर धूप जळून गेला. मग तो वास आला.

आधी मला कळला नाही. मला वाटलं, बाबा कुठूनतरी हाक मारतील. इतका ओळखीचा होता. वीस वर्षांचे रविवार त्या मातीत मुरले होते आणि ते तापून तुळशीच्या पानांमधून वर यायला लागले. जळकी चरबी, करपलेलं मांस. कोनाड्यातून निळसर धूर निघाला. शेजारच्या एका बाईने नाकाला पदर लावला.

शास्त्रीबुवा कडव्याच्या मध्येच थांबले.

"कसला वास आहे हा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनंती होती. आईने मला आयुष्यात कधी विनंती केली नव्हती.

"आमच्या बाबांची शेगडी आहे ती," मी म्हणाले. "जपानी. रविवारी बोकड भाजायचे त्यात."

अंतरपाट खाली आला. आईच्या हातातून सुटला होता. ती पुढे झाली आणि माझी आई, कॅप्टन फणशांची बायको, जिने कोणाला कधी वाकून दाखवलं नाही, तिने शास्त्रीबुवांपुढे हात जोडले.

"माझी चूक आहे, शास्त्रीबुवा. मी केलं हे. पोरीला फसवलं. तिला यातलं काही ठाऊक नाही हो. तिला घेऊन जा. तिच्या आईला भेटवा."

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. राग होता, पण त्याच्या खाली सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. त्यांना ते हवं होतं. ते मुलीकडे वळले.

"इंदू, तुला ठाऊक नव्हतं ना?"

नुसती मान हलवायची होती.

वहिनी तुळशीकडे बघत होती. "ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी पणती ठेवायला हात घातला, तर कोळसा लागला. हाताला वास आला."

"आणि तरी पूजा करत राहिलीस? वर्षभर?"

"सासूबाईंनी हाताने लावून दिली होती. या घरात त्यांनी मला दिलेली ती पहिली वस्तू."

"तू मला पत्रात लिहिलंस..."

"तुळस आहे, एवढंच लिहिलं. ती आहे."

"आत्ता नाही म्हणाली असतीस तरी..." शास्त्रीबुवांचा आवाज फाटला. "काय बिघडलं असतं गं?"

"तुळशीसमोर उभी आहे, बाबा. खोटं कसं बोलू? तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी मुठीतल्या अक्षता परत ताटात ठेवल्या. एक दाणा खाली पडू दिला नाही. उपरणं सारखं केलं.

"तुझ्या आईला सांगेन, तू बरी आहेस म्हणून," ते म्हणाले आणि फाटकाबाहेर गेले. दादा मागे धावला. ते बसमध्ये बसेपर्यंत तो त्यांच्या मागे चालत होता. ते एकदाही वळले नाहीत. आमच्या घरचं पाणी त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

बायका निघून गेल्या. वहिनीने चिमटा आणला, एकेक निखारा बाहेर काढला आणि पाण्यात टाकला. मी तिथेच उभी होते. ती शिव्या देईल, झिंज्या उपटेल, या आशेने उभी होते. दादा परत आल्यावर ती म्हणाली, "अहो, अंतरपाट धरा. सासूबाई, तुम्हीही. लग्न अर्धं ठेवू नये."

उरलेली मंगलाष्टकं तिने म्हटली. बापाचाच आवाज होता. "वन्सं, अक्षता," तिने मधेच मला आठवण केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खिडकीतून पाहिलं. ती कोनाडा आतून धूत होती. मग तिने पणती लावली आणि आत ठेवली. मी चूळ भरायला बाहेर गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली,

"जळून गेलं सगळं, वन्सं. आता आत ठेवता येते."

मी त्या घरात आणखी तीन वर्षं होते. पणती रोज आत होती आणि माझ्या खाटेवरून ती बरोबर दिसायची.

वहिनीची आई पौषात गेली. निरोप दहाव्या दिवशी आला, शेजाऱ्याकरवी. शास्त्रीबुवा त्यानंतर सहा वर्षं जगले. शेवटी त्यांना दिसत नव्हतं, शिष्य जेवू घालायचे. त्यांच्या पोथ्या कोणीतरी रिक्षातून वहिनीकडे आणून टाकल्या. पत्र नव्हतं.

आई एकोणऐंशी साली गेली. अर्धांगाने दोन वर्षं पडून होती. वहिनीने सगळं केलं. आईने मटण तुळशीच्या लग्नाच्या त्या आठवड्यानंतर परत तोंडात घातलं नाही. त्याबद्दल ती कोणाशी बोलली नाही आणि माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मरायच्या आदल्या दिवशी तिने वहिनीला "इंदू" म्हणून हाक मारली. मी पलीकडच्या खुर्चीवर होते. मला हाक मारली नाही.

माझं लग्न एकाहत्तर साली बडोद्याच्या एका बिजवराशी झालं. माणूस चांगला होता. मूल झालं नाही. तो गेल्यावर मी पुण्याला आले. कर्णिकांचा मुलगा मला एकदाच दिसला, एका लग्नात, टक्कल पडलेला. त्याने मला ओळखलं नाही.

दादा दोन हजार चारमध्ये गेला आणि वहिनी नऊ साली. बंगली बिल्डरला दिली. तेव्हा माझा भाचा टेंपो घेऊन पुण्याला माझ्या दारात आला. टेंपोत गोणपाटात गुंडाळलेली जपानी होती. गेरू उडालेला, सिमेंट तडकलेलं, खालून जुनी माती दिसत होती.

"आत्या, आईने सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. "ही वन्संना द्या म्हणाली. तुम्हाला हवी होती का?"

"आणखी काय म्हणाली?"

"काही नाही. एवढंच."

ती माझ्या गच्चीत आहे. मी तिच्यात तुळस लावली आहे. रोज संध्याकाळी जिना चढून पाणी घालते, गुडघे दुखतात तरी घालते. कोनाडा स्वच्छ आहे, आत हात फिरवला तर बोटाला काही लागत नाही.

मी पणती बाहेरच ठेवते.